जुनी मोटार आणि तिचा उतारा

जामखेडच्या बाजारपेठेंत उभ्या असलेल्या मोटारींच्या पाट्या सहज वाचीत गेलें, तर चार जिल्हे पाहावयास मिळतात. अहिल्यानगरचा १६ हा आंकडा आहेच. परंतु बीडचा २३, धाराशिवचा २५ आणि सोलापूरचा १३ हेही ठळकपणें दिसतात. आमच्या तालुक्याच्या सीमा या तिन्ही जिल्ह्यांस भिडलेल्या असल्यामुळें असें होणें स्वाभाविक आहे. मात्र त्यामुळें येथें विकावयास येणारी जुनी मोटार कोणाच्या दारांत वाढली, हें पुष्कळदां कोणासच ठाऊक नसतें. शेजारच्या गांवचा बैल आपण ओळखतों. मोटारीची गोष्ट तशी नाहीं.

कांद्याचे किंवा उसाचे पैसे हातीं आले म्हणजे दोन-तीन लाखांत चारचाकी घ्यावी, असें आमच्या शेतकरी बंधूंस वाटूं लागलें आहे. ही चैन आहे असें म्हणणारांशीं प्रस्तुत लेखक सहमत नाहीं. जिल्ह्याचें ठिकाण येथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर; रात्रीं-अपरात्रीं घरांतील वृद्ध माणसास इस्पितळांत न्यावयाचें झाल्यास दुचाकीचा काय उपयोग? तेव्हां मोटार अवश्य घ्यावी. कशी घ्यावी, एवढेंच पाहावयाचें.

नवी घ्या असें सांगणारे पुष्कळ आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर अठरा टक्क्यांवर उतरल्यामुळें त्यांस जोर चढला आहे. ज्यांच्यापाशीं रोख पैसे आहेत त्यांनीं खुशाल नवी घ्यावी. परंतु कर्ज काढून घेणारानें एक विचार करावा. नोकरदाराचा पगार महिन्यास येतो, म्हणून महिन्याचा हप्ता त्याच्या अंगवळणीं पडतो. आपलें उत्पन्न हंगामास येतें, आणि कांद्याचें तर येईलच असेंही नाहीं. हप्ता मात्र ज्येष्ठ-आषाढांत, बी-खताच्या ऐन वेळीं, तितक्याच तत्परतेनें दारांत उभा राहतो. पीककर्जाचा बोजा असतां त्यावर दुसरा चढवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे; आणि तें महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी करून, लोकांचे उतारे पाहून झालेलें आहे.

उतारे वाचण्याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला, तें लाज वाटत असूनही येथें सांगतों. २०२१ सालीं माझ्या धाकट्या बंधूनें कांद्याच्या पैशांतून ३,१०,००० रुपयांस एक जुनी डिझेल मोटार घेतली. सरकारी कामांतला माणूस म्हणून मला बरोबर नेलें. परगांवच्या एका व्यापाऱ्याचें आवार, ओळीनें लावलेल्या चकचकीत मोटारी, आंत बसतांच थंड वारा! नोंदणीपत्राच्या एका कोपऱ्यांत कर्ज देणाऱ्या कंपनीचें नांव होतें. तें मीं वाचलें. व्यापारी म्हणाला, "काका, कर्ज केव्हांच फिटलें, कागद आठ दिवसांत घरपोच येईल." ज्या मनुष्यानें सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय कोणास एक गुंठा घेऊं दिला नाहीं, त्यानें हें ऐकून मान डोलविली. चौदा महिन्यांनीं वसुलीचीं माणसें आलीं व मोटार ओढून घेऊन गेलीं. त्याच आठवड्यांत मातोश्रींना नगरला न्यावयाचें होतें. ती वेळ भाड्याच्या जीपनें निभावली. अखेर परक्याचे थकलेले ९२,००० रुपये भरून मोटार सोडविली. बंधु मला एक शब्दही बोलला नाहीं, हें अधिक लागलें.

म्हणून आतां निक्षून सांगतों कीं, मोटारीचा रंग पाहण्यापूर्वीं तिचें नोंदणीपत्र सातबाऱ्याप्रमाणें वाचावें. मालक कितवा, हें त्यावरून कळतें. तिसऱ्या-चौथ्या हातची मोटार स्वस्त असली तरी टाळावी. कर्जाचा बोजा असल्यास कर्ज देणाऱ्याचें बेबाकीपत्र व नमुना ३५ हीं दोन्हीं घेऊन ती नोंद उडवावी, आणि मगच पूर्ण पैसे द्यावे. इंजिन व सांगाडा यांवर कोरलेले आंकडे पत्रावरील आंकड्यांशीं स्वतः ताडून पाहावे. परिवहन खात्याच्या मोबाईलवरील ॲपमध्यें गाडीचा क्रमांक घातल्यास बोजा आणि विम्याची मुदत घरबसल्या दिसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यास परिवहन कार्यालयाचें अधिकारपत्र लागतें. तें दाखवा म्हणण्यांत संकोच कसला?

विकणारासही दोन शब्द. कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या करून मोटार देऊन टाकण्याची वाईट खोड आपल्यांत आहे. फेरफारानें मालकी मिळत नाहीं, ती खरेदीखतानें मिळते, असें आम्ही कचेरींत लोकांस सांगत आलों. मोटारीच्या अपघाताचें तसें नाहीं. ती पुढें किती हातीं फिरली असली तरी नोंदणीवर ज्याचें नांव तोच भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे.

आतां यंत्राकडे वळूं. येथें माझा अधिकार थोडा. म्हणून ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्यास त्याची मजुरी द्यावी. फुकट नेलेला मिस्त्री पुष्कळदां विकणाराचा चहा पिऊन येतो. मोटार सकाळीं थंड असतांनाच सुरू करावयास सांगावी. आधींच गरम करून ठेवली असल्यास संशय घ्यावा. निळसर धूर निघाला म्हणजे इंजिन ऑइल जाळीत आहे असें समजावें. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, परंतु पेडलचें झिजलेलें रबर मागें फिरत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेला आलेला महापूर आपल्या स्मरणांत आहेच. पाण्यांत बुडालेली मोटार धुवून-पुसून बाजारांत येते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, जादा चाकाच्या खळग्यांत हात घालावा, गाळ तेथें सांपडतो. शेवटीं तिला सौताड्याचा घाट चढवून आणावें. सपाट रस्त्यावर सगळ्याच मोटारी गुणी असतात.

आमच्याकडे डिझेलचा मोह फार. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्यास तें ठीक. परंतु १ एप्रिल २०२० पासूनच्या नियमांप्रमाणें बनलेल्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी धरणारी चाळणी असते, व ती साफ होण्यास लांबचा सलग प्रवास लागतो. वस्तीवरून गांवांत आणि गांवांतून वस्तीवर एवढ्यानें ती तुंबते, आणि बदलण्याचा खर्च जबर येतो. माझ्या मतें आपणांस लहान पेट्रोल मोटारच बरी. तिचे सुटे भाग सहज मिळतात व मिस्त्री तिला ओळखतात. पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल येतें, आणि एप्रिल २०२३ पूर्वींच्या सर्वच मोटारी त्याकरितां बनविलेल्या नाहींत. रबरी नळ्या तेवढ्या पाहून घ्याव्या. इथेनॉल आपल्याच उसाचें, तेव्हां फार कुरकुर करतां येत नाहीं! मोटार फार जुनीही नसावी. चालकापुढील एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्यापूर्वींच्या स्वस्त मोटारींत ती पुष्कळदां नसते. शिवाय पंधरा वर्षें भरलीं कीं फेरनोंदणीचें शुल्क आणि पर्यावरण कर हे दोन खर्च उभे राहतात.

बंधूनें गेल्या वर्षीं ती डिझेल मोटार विकली आणि एका शिक्षकांची २०२० सालची पेट्रोल मोटार घेतली. नोंदणीपत्र वाचण्यांत मीं अर्धा तास घालविला. गृहस्थ किंचित् रागावले. कागद निर्मळ निघाले, इंजिनही निर्मळ निघालें. पुढचे दोन टायर मात्र महिन्याभरांत बदलावे लागले. टायरवर तो कोणत्या आठवड्यांत व कोणत्या वर्षीं बनला याचा चार अंकी आंकडा छापलेला असतो. तो वाचण्याचें माझ्याकडून राहून गेलें होतें.