आई, माझे बूट कुठे आहेत?

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, पावसाचा पत्ता नाही, आणि सकाळी सकाळी पुण्याहून लेकाचा फोन. नुकती नोकरी लागलेला, बावीस वर्षांचा घोडा! आवाजात एवढा आनंद की मला वाटलं, पोरगी-बिरगी पसंत केली की काय. तर म्हणतो, "आई, चौदा वर्षांनी दुसरा भाग आला! शनिवारी घरी येतोय, आपण सगळे बघायला जाऊ."

कसला दुसरा भाग? तर 'द इन्क्रेडिबल्स' नावाच्या कार्टून सिनेमाचा. पहिला भाग २००४ साली आला तेव्हा हा आठ वर्षांचा होता. हिंदीत तो 'हम हैं लाजवाब' नावाने आला होता. त्यातल्या बाबाला शाहरुख खानचा आवाज होता आणि मुलाला त्याच्या मुलाचा, आर्यनचा. आमच्याकडे त्याची सीडी भाड्याने आणली होती. सुट्टीभर इतक्यांदा पाहिली, की शेवटी ती अडकायलाच लागली. मी पोळ्या लाटता लाटता तो सिनेमा तुकड्या-तुकड्याने पाहिला होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अचाट शक्ती असलेलं एक कुटुंब आहे, पण सरकारने अशा लोकांवर बंदी घातलेली. त्यामुळे बॉब नावाचा पैलवान बाबा विमा कंपनीत मान खाली घालून नोकरी करतो आणि हेलन नावाची आई घर सांभाळते. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी कोणाला कुठली शक्ती द्यायची हे फार मजेशीर ठरवलं आहे. बाबाकडून खंबीरपणाची अपेक्षा, म्हणून तो बलदंड. वयात येणाऱ्या मुलीला कोणी आपल्याकडे बघू नये असं वाटतं, म्हणून ती अदृश्य होऊ शकते. धाकटा एका जागी बसत नाही, म्हणून तो वाऱ्यासारखा पळतो. आणि आई? आईला घरातले सगळे चहूबाजूंनी ताणत असतात, म्हणून ती रबरासारखी ताणली जाते! हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, या माणसाने आपल्या घरात डोकावून पाहिलेलं दिसतंय.

पहिल्या भागाला दोन ऑस्कर मिळाली. लोकांनी दुसऱ्याची वाट बघायला सुरुवात केली, पण दुसरा काही येईना. पिक्सार कंपनीने इतर सिनेमांचे पुढचे भाग काढले, याचा मात्र नाही. २०१४ साली घोषणा झाली आणि २०१८ मध्ये एकदाचा तो आला. अमेरिकेत पहिल्या तीनच दिवसांत त्याने १८ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. तोवर कुठल्याही ॲनिमेशनपटाला तिथे एवढी सुरुवात मिळाली नव्हती. पहिला भाग लहानपणी पाहिलेले आता मिशा फुटलेले बाप्ये झाले होते. 'पोरांनो, रांगेतून बाजूला व्हा, आम्ही चौदा वर्षं थांबलोय' असे विनोद तिकडे जोरात चालले होते. आमचा लेक त्याच पंथातला!

पण एवढी वाट पाहिली की एकमत कसं होणार? जगात झालं नाही, आमच्या घरातही झालं नाही.

गंमत म्हणजे, चौदा वर्षं उलटली तरी पडद्यावर मिनिटभरही गेलेलं नाही. पहिला भाग जिथे संपला तिथूनच दुसरा सुरू. मुलं तेवढीच, तान्हं बाळ तेवढंच. काहींना हे फार आवडलं, तर काही म्हणाले, आम्ही मोठे झालो मग ही मंडळी का नाही झाली? खलनायक कोण ते अर्ध्या सिनेमातच कळतं, ही आणखी एक तक्रार. लेकाचंही तेच. परतताना एसटीत तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "पहिल्यासारखा नाही गं."

मी मात्र वेगळ्याच कारणाने गप्प होते. कारण या वेळी कामाला बाहेर पडते ती आई!

एक श्रीमंत उद्योजक आणि त्याची बहीण अचाट शक्तीवाल्यांवरची बंदी उठवायची मोहीम काढतात. त्यासाठी ते बॉबला नाही, हेलनला निवडतात. का? तर ती कामगिरी करते तेव्हा मोडतोड कमी होते, नुकसानभरपाई कमी द्यावी लागते. चक्क हिशेब मांडून निवडतात! त्या क्षणी बॉबचा चेहरा बघण्यासारखा आहे. अभिनंदन तर करायचंय, पण ते घशातून बाहेर पडत नाही. हेलनच कचरते. मुलं लहान आहेत, बाळ तान्हं आहे, मी कशी जाऊ? शेवटी बॉबच म्हणतो, तू जा, घराचं मी बघतो.

ती जाते. नवी कोरी मोटारसायकल, हिंदीत काजोलचा आवाज, आणि समोर पहिलीच मोठी कामगिरी. ती दबा धरून बसलेली असताना फोन वाजतो. कोणाचा? धाकट्याचा. आई, माझे बूट कुठे आहेत?

आमच्या थिएटरमध्ये त्या प्रसंगाला पोरंसोरं हसली. मागच्या रांगेतल्या दोन बायका मात्र जरा जास्तच जोरात हसल्या. ते हसू मला ओळखीचं वाटलं. बाई गावाचं रक्षण करायला गेलेली असो नाहीतर बँकेत भरणा करायला, बूट कुठे आहेत हे तिलाच माहीत असलं पाहिजे. आणि खरी मेख म्हणजे, तिला ते माहीत असतं!

मैत्रिणींनो, इथे मला माझी गोष्ट सांगायलाच हवी. २००६ साली मी एका पतसंस्थेत नोकरीला होते. कॉम्प्युटर शिकण्यासाठी दहा दिवस नाशिकला पाठवणार होते आणि त्यासाठी माझी निवड झाली होती. लग्नानंतर एकटीने घराबाहेर राहायची ती पहिलीच वेळ. लेक दहा वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, "जा बापडी, पण पोराचं कसं?" हे म्हणाले, "मी आहे ना." मी गेले. रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचे. हिंगाची डबी कुठे, गॅसचं पुस्तक कुठे, शाळेचा निळा मोजा कुठे, हे सांगण्यातच निम्मे पैसे संपायचे. परत आले तर अख्खी गल्ली यांचं कौतुक करत होती. "दहा दिवस पोराचा डबा स्वतः केला हो! भाग्यवान आहात वहिनी." पण तू तिकडे काय शिकलीस, हे मला एकाही बाईने विचारलं नाही. बाईने म्हणतेय मी, पुरुषांचं तर सोडाच.

या सिनेमाचंही थोडं तसंच झालंय. हेलन बाहेर रेल्वे थांबवतेय, माणसं वाचवतेय, पण प्रेक्षकांच्या लक्षात काय राहिलं? घरातला बॉब! गणिताची नवी पद्धत समजेना म्हणून रात्र जागणारा, बाळाला गोष्ट वाचता वाचता स्वतःच पेंगणारा, मुलीचं प्रेमप्रकरण निस्तरायला जाऊन आणखी बिघडवणारा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला बॉब. ते सगळं फार गोड आहे. मीही हसले. पण काहींनी तेव्हा जो आक्षेप घेतला तो मला पटला. पहिल्या भागात हेच सगळं हेलन करत होती, तेव्हा त्यावर कोणी हसलं नव्हतं आणि टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. बाई करते ते काम, आणि पुरुष करतो तो पराक्रम! बॉब थकल्यावर बाळाला एका रात्रीपुरता मैत्रिणीकडे सोडून येतो. त्यात काही चूक नाही. पण हेलनने तसं केलं असतं तर? सिनेमातलं जाऊ द्या, आपल्या गल्लीत तसं कोणी केलं तर आपणच काय म्हणू?

याउलट आमच्या शेजारच्या वहिनींचं म्हणणं अगदी वेगळं. "अहो, असू दे की पराक्रम. बाबा लोकांनी बघितलं ना? लाज वाटून एकाने जरी पोराचा अभ्यास घेतला तरी पुष्कळ झालं." त्यांचंही खोटं नाही. आमच्या सासूबाईंना मात्र यातलं काहीच पटलं नाही. त्यांचं एकच वाक्य, "स्वतःचीच पोरं सांभाळली ना त्याने? मग?" आमच्याकडचं सगळ्यात पुरोगामी मत ऐंशीच्या घरातल्या बाईचं निघालं!

दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकली. हेलनला संधी देणारी ती उद्योजकाची बहीण, एव्हलिन. हुशार, स्वतःच्या डोक्याने यंत्रं बनवणारी. दोघी रात्री निवांत गप्पा मारत बसतात. कामाच्या, श्रेयाच्या. मला वाटलं, वा! दोन कर्तबगार बायका एकमेकींशी मनातलं बोलताहेत, असं कितीदा दिसतं? आणि शेवटी खलनायिका निघाली तीच! भाऊ बिचारा सज्जन. हेलनच्या हातात आलेली संधीही एक सापळाच. 'बाईच बाईची शत्रू' हे पालुपद आपण मालिकांमधून रोज ऐकतो. चौदा वर्षं थांबून तिकडूनही तेच यावं? लेकाला खलनायक आधीच कळला म्हणून राग आला. मला ती बाईच निघाली याचा राग आला.

वाद आणखीही झाले. काही प्रसंगांत उजेड इतका लखलखतो की फिट येणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून थिएटरांना सूचना लावाव्या लागल्या. न्यूयॉर्कच्या एका नामवंत साप्ताहिकाच्या समीक्षकाने तर हेलनच्या घट्ट पोशाखावर असं काही लिहिलं की वाचक खवळले. कार्टूनमधल्या तीन लेकरांच्या आईलासुद्धा लोक सोडत नाहीत, मग आपली काय कथा!

पण एवढं सगळं म्हणूनही मी या सिनेमाच्या बाजूची आहे. कारण एक प्रसंग मला अजून सोडत नाही. हेलन रात्री फोन करते, घरी सगळं ठीक ना? घरात तेव्हा नुसता गोंधळ आहे. बाळाच्या अंगात एकाएकी नाना शक्ती आल्या आहेत, ते पेट घेतंय, भिंतीतून आरपार जातंय. आणि बॉब सांगतो, सगळं छान चाललंय. ती काळजीने परत येऊ नये म्हणून तो खोटं बोलतो.

थिएटरमधून घरी आल्यावर रात्री हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू नाशकात होतीस ना, तेव्हा याला तीन दिवस ताप होता. डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. तुला सांगितलं नाही. तू निघून आली असतीस."

बारा वर्षांनी कळलं मला! आधी संताप आला. माझ्या पोराला ताप आणि मला हिंगाच्या डबीबद्दल विचारत होतात? मग आठवलं, त्याच तीन दिवसांत मी खातेवहीचं सगळं काम कॉम्प्युटरवर करायला शिकले होते. पुढे त्याच जोरावर मी शाखेची व्यवस्थापक झाले. सांगितलं असतं तर मी खरंच निघून आले असते. हे बरोबर वागले की चूक? अजून माझं नक्की ठरलेलं नाही. कधी वाटतं, आईपासून लपवायचा हक्क यांना कोणी दिला? कधी वाटतं, आजवर मला कोणी दिलेली सगळ्यात मोठी मदत तीच होती. एवढं मात्र खरं, की डबा केल्याचं कौतुक यांनी गल्लीभर ऐकून घेतलं, पण तापाचं कोणापाशी बोलले नाहीत.

या सिनेमाचा तिसरा भाग काढणार अशी घोषणा २०२४ मध्ये झाली. लेकाने लगेच फोन केला. आता त्याची बायकोही नोकरी करते. सूनबाई मागून ओरडली, "आई, ह्यांना सांगा, आता तरी त्या दोघांना मोठं करा म्हणावं!" वाट बघणं पुन्हा सुरू झालं. मीही बघणार आहे. या खेपेला माझी अपेक्षा अगदी लहान आहे. आई कामाला गेली ही बातमी नसावी, बाबा घरी राहिला हा विनोद नसावा, आणि गप्पा मारणाऱ्या दोन बायकांपैकी एक शेवटी वाईट निघू नये. एवढंच.

आणि हो, बूट ज्याचे त्याने शोधावेत. पलंगाखाली असतात. नेहमी तिथेच असतात!