उंच काही बघायचंय? मग डहाणूला उतरा

भारतातल्या सर्वांत उंच बांधकामांपैकी एक डहाणूत उभं आहे आणि ते बघायला कुणी गाडी काढत नाही. डहाणू औष्णिक वीज केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर. चौथरा धरला तर २४०. म्हणजे चौथऱ्यासकट मोजला तरी पुतळा आमच्या चिमणीपेक्षा ३५ मीटरनं बुटका. तरीही प्रत्येक लाँग वीकेंडला मुंबई-ठाण्याच्या गाड्या मनोर, चारोटी, तलासरी मागे टाकतात, अच्छाडला राज्याची हद्द ओलांडतात आणि चारशेहून जास्त किलोमीटर कापून ‘जगातलं सर्वांत उंच’ बघून येतात.

मी डहाणूची. पुण्यात बॅकएंडचा कोड लिहिते. ‘स्टॅच्यू’ करून आलेले सहकारी मला कौतुकानं सांगतात, ‘अगं, चारोटीला तुमच्या डहाणूची पाटी दिसली. रस्त्यातच लागतं की!’ रस्त्यात लागणं म्हणजे एक चहा, एक टॉयलेट आणि फास्टॅगचा बीप. माझं भांडण या ‘रस्त्यात लागतं’शी आहे.

आधी नेहमीचा आक्षेप घेऊ. माणसं आठवडाभर राबतात, दोन दिवस मजा करतात, मोठं काहीतरी बघून फोटो काढतात. यात तुझं काय गेलं? मजेशी माझं वैर नाही. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बरला १९६४मध्ये रस्त्याकडेच्या केळ्यांच्या स्टॉलशेजारी एक अवाढव्य केळं उभारलं गेलं. गाड्या थांबाव्यात आणि केळी खपावीत, एवढाच हेतू. आज ते ‘बिग बनाना’ म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. त्यात प्रामाणिकपणा आहे. ते केळं तुम्हाला त्या गावात थांबवतं आणि तिथं काय पिकतं ते सांगतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन आहे. उद्या कुणी चारोटी नाक्यावर तीस फुटी चिकू उभा केला, तर पहिला सेल्फी माझा.

सरकारी भव्यतेचं गणित वेगळं असतं. आमच्या क्षेत्रात ‘व्हॅनिटी मेट्रिक’ नावाचा प्रकार आहे. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे स्लाइडवर ठळक दाखवायचं आणि त्यातले किती जण ते खरंच वापरतात यावर गप्प बसायचं. पुतळ्याची उंची हा असाच आकडा. १८२ मीटरच का? तर गुजरात विधानसभेच्या जागा १८२. खर्च २,९८९ कोटी. एकदा मीटरची स्पर्धा सुरू झाली की ती थांबत नाही. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ला झालं. आराखड्यातली उंची वाढत वाढत २१२ मीटरवर गेली. समुद्रात पुतळा मात्र अजून नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. ज्यांनी बांधलेले किल्ले साडेतीनशे वर्षं समुद्राच्या लाटा खात उभे आहेत, त्यांच्या नावावर आपण हे केलं.

केवडियाच्या पुतळ्याच्या छातीत एक गॅलरी आहे. तिथून सरदार सरोवर धरण दिसतं, अडलेलं पाणी दिसतं. फोटो छान येतो. त्या जलाशयाच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आहेत, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. ती दाखवणारी गॅलरी कुठल्याच तिकिटात नाही. मोठ्या वस्तूची ही खुबी लक्षात घ्या: ती आपल्याला मान वर करायला लावते, त्यामुळे पायाखालचं दिसत नाही.

आता तुम्ही चहा पिऊन निघालात त्या तलासरीत बघण्यासारखं काय होतं? इथल्या झरी गावात २३ मे १९४५ला हजारो वारली जमले आणि ‘आता वेठ करणार नाही’ असं ठरवून घरी गेले. तोवर जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोनं सावकाराकडे ‘लग्नगडी’ म्हणून खपायचं, हीच रीत होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. हा सगळा लढा गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. देशातल्या गुलामीचा एक तुकडा जिथं तुटला, ती जागा हायवेला लागून आहे. पण तिची उंची शून्य मीटर, म्हणून ती तुमच्या ट्रिपच्या यादीत नाही.

आणि चिमणी? ती इतकी उंच आहे, कारण कोळशाचा धूर वरच्या वाऱ्यात सोडला की तो दूरवर पांगतो. पांगतो, नाहीसा होत नाही. ५०० मेगावॉटच्या या केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते आणि राख-धूर आमच्याकडे राहतो. चिकूच्या वाड्या, खाडी, मासेमारी वाचावी म्हणून इथली माणसं कोर्टात गेली. ३१ ऑक्टोबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा केंद्रात २००७मध्ये बसली, ती या प्राधिकरणानं पाठ सोडली नाही म्हणून. वाढवण बंदराला याच प्राधिकरणानं १९९८मध्ये ‘नाही’ म्हटलं होतं. ३१ जुलै २०२३ला त्यानंच ‘हो’ म्हटलं. ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झाली: ७६,२२० कोटींचा प्रकल्प, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात रस्त्यावर उतरत होते. त्यांच्याबद्दलची किती रील्स तुमच्या फीडमध्ये आली?

इथं या भांडणाचा मुद्दा येतो. जी जागा ‘रस्त्यात लागते’, तिच्यावरून काहीही नेता येतं. तलासरीचा नकाशा उघडा. हायवे जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, बुलेट ट्रेन जाते. सगळ्या रेषा इथून जातात. इथं यायला म्हणून आखलेली एकही नाही. जमीन मात्र इथली गेली. मधल्या जागेत माणसं राहतात हे ठाऊक नसलेला मतदार, ग्राहक आणि पर्यटक कुठल्याही प्रकल्पाला सोयीचाच असतो.

म्हणून चिमणीखाली सेल्फी पॉइंट करा, असं मी म्हणत नाही. देव करो आणि तसं न होवो! माझं म्हणणं एवढंच, की अवाढव्य वस्तू बघायची हौस असेल तर ती पुरी करा आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. पैसे कुणाचे? फायदा कुणाला? उठवलं कुणाला? पुतळा, चिमणी, बंदर, सगळ्यांना हेच तीन प्रश्न. उत्तरं मिळवायला गाडीतून उतरावं लागतं, कुणाशी तरी बोलावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस जातो. बघणं म्हणतात ते यालाच.

पुढच्या वेळी चारोटीला पाटी दिसली की डावीकडे वळा. डहाणूच्या खाडीजवळ उभं राहिलात की चिमणी दिसेल, ती शोधावी लागत नाही. मुंबईच्या उपनगरात राहत असाल तर तिचं तिकीट तुम्ही विजेच्या बिलातून दर महिन्याला भरताच आहात. भरलेल्या तिकिटाचा खेळ एकदा तरी बघून जा.