नाव गेले, पाश उरला

२०१८ च्या जून महिन्यात जर्मनीच्या बायर कंपनीने सुमारे ६३ अब्ज डॉलर मोजून अमेरिकेची मोन्सॅन्टो विकत घेतली आणि लगेच जाहीर केले की, 'मोन्सॅन्टो' हे नाव यापुढे वापरले जाणार नाही! शंभराहून अधिक वर्षे ज्या नावाने व्यापार केला, ते नाव नव्या मालकालाच ओझे वाटावे, यातच त्या कंपनीच्या इतिहासाचे सार आहे. पण पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक आजही दर मृगाला बियाण्याच्या पाकिटासाठी कृषी सेवा केंद्रासमोर उभा राहतो. त्याच्या घरच्या कणगीतले बी केव्हाच संपले आहे. ते कसे संपले, हे समजून घेतल्याखेरीज स्वदेशीचा विचार पुरा होत नाही.

जॉन क्वीनी याने १९०१ साली सेंट लुईस येथे ही कंपनी काढली आणि तिला पत्नीच्या माहेरचे नाव दिले. पहिले उत्पादन होते सॅकरीन. पुढे कंपनी रसायनांच्या व्यवसायात विस्तारली. विजेच्या रोहित्रांत वापरले जाणारे पीसीबी हे विषारी द्रव्य तिने अलाबामा राज्यातील अॅनिस्टन येथे १९७१ पर्यंत बनवले. त्याचे दुष्परिणाम कंपनीला ठाऊक होते आणि गावकऱ्यांपासून ते दडवले गेले, हे तिच्याच अंतर्गत कागदपत्रांतून न्यायालयात उघड झाले. २००३ मध्ये ७० कोटी डॉलरची तडजोड झाली. व्हिएतनामची अरण्ये उजाड करणारे 'एजंट ऑरेंज' पुरवणाऱ्यांतही मोन्सॅन्टो होती. १९८४ मध्ये अमेरिकी सैनिकांना या कंपन्यांनी मिळून १८ कोटी डॉलर दिले. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. गोऱ्या महासत्तेच्या न्यायाला आपले आणि परके यांतला भेद नीट कळतो!

१९७४ मध्ये 'राउंडअप' हे तणनाशक बाजारात आले आणि १९९६ मध्ये त्या तणनाशकाने न मरणारे सोयाबीन. व्यापारी बुद्धीची ही कमाल होती. विष विकायचे आणि त्या विषातून तगणारे बीही आपणच विकायचे. सोबत करार असा की, आलेल्या पिकातील बी पुढच्या वर्षी पेरायचे नाही. कॅनडातील पर्सी श्मायझर या शेतकऱ्याच्या शेतात असे मोहरीवर्गीय पीक आढळले. ते आपोआप आले, असे त्याचे म्हणणे होते. पण त्यातले बी त्याने राखून पेरले, एवढ्यावरून २००४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पेटंट हक्क उचलून धरला. भरपाई मात्र द्यायला लावली नाही. रोप शेतकऱ्याचे, पण त्यातील जनुक कंपनीचे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

भारतात हा मार्ग सोपा नव्हता. आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती व बियाण्यांना पेटंट नाही आणि २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. मग कुलूप लागले कसे? १९९८ मध्ये मोन्सॅन्टोने जालन्याच्या महिको कंपनीत २६ टक्के भागभांडवल घेतले. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी मिळाली. ही तिन्ही वाणे संकरित होती. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी राखले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून दरवर्षी नवे पाकीट आणावेच लागते. अमेरिका, ऑस्ट्रेलियात हेच जनुक सरळ वाणांतून आले. येथे तसे झाले असते, तर आपल्या कायद्याने शेतकऱ्याचे बी शेतकऱ्याच्या घरीच राहिले असते. करार न करता करारापेक्षा पक्का बंध घातला गेला. गंमत अशी की, कापसाचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण 'एच-४' हे १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी दिले. आपल्याच विद्येचा उपयोग आपल्याला बांधण्यासाठी झाला.

आणि किंमत? ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे ते अठराशे रुपयांना विकले जात होते आणि त्यातील बाराशेहून अधिक रुपये जनुकाचे शुल्क होते. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे पाकीट ७५० रुपयांवर आले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने शुल्क ४९ रुपयांवर आणले आणि २०२० मध्ये ते रद्दच केले. शासनाने मनावर घेतले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

बीटीने काहीच दिले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. हिरव्या बोंडअळीपासून शेतकऱ्याला दिलासा मिळाला, देशाचे कापूस उत्पादन वाढले. विदर्भातील आत्महत्यांचे सारे खापर बीटीवर फोडणेही योग्य नाही. त्या २००२ च्या आधीपासून होत होत्या आणि त्यांच्या मुळाशी कोरडवाहू शेती, कर्ज व भाव हे प्रश्न आहेत. परंतु निसर्ग स्वस्थ बसत नाही. २०१० मध्ये गुजरातेतील शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याची कबुली कंपनीनेच दिली. पुढे 'बोलगार्ड-२' चीही तीच गत झाली आणि २०१७ मध्ये विदर्भात उभी शेते या अळीने पोखरली. फरदड घेतली गेली, बिगरबीटीचे छोटे पाकीट बांधावर पडून राहिले, हे खरे. पण एकाच तंत्रज्ञानावर नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस उभा करण्याचा धोका शेतकऱ्याला कोणी समजावला होता? त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. ती औषधे मोन्सॅन्टोची नव्हती. पण फवारे कमी होतील, या आश्वासनाचे काय झाले, हे त्या घरांना विचारावे.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ मध्ये भारतीय किसान संघ आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा केला. या संघटनांनी जनुकीय बियाण्यांना सातत्याने विरोध केला आहे. परंतु स्वदेशी म्हणजे केवळ परकीयाला नकार नव्हे. आपले सिद्ध करणे म्हणजे स्वदेशी. येथे आपली बाजू दुबळी पडली, हे मान्य केले पाहिजे. २००८ मध्ये सरकारी संस्थांनी 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण मोठ्या अभिमानाने आणले. त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक असल्याचे निघाले आणि वर्षभरात विक्री थांबवावी लागली. एका कंपनीच्या लबाडीइतकीच आपल्या प्रयोगशाळांची ही ढिलाई चिंतेची आहे.

मार्ग मात्र बंद झालेला नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे 'एकेए-७', परभणीचे 'पीए २५५' ही देशी कापसाची वाणे आपल्याकडे आहेत. रसशोषक किडींना ती अधिक तोंड देतात, कोरडवाहूत तगतात आणि त्यांचे बी घरी राखता येते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कमी कालावधीच्या सरळ वाणांची दाट लागवड करून पाहिली आहे. पीक लवकर निघाले की शेंदरी अळीचा मुक्काम टळतो. उणीव आहे ती पुरेशा बियाण्याची, विद्यापीठांच्या रिकाम्या जागा भरण्याची आणि देशी कापसाला हक्काचा खरेदीदार मिळण्याची. शहरातील कुटुंबांनी देशी सुताचे कापड मागितले आणि कार्यकर्त्यांनी गावोगावी बीजसंग्रह उभे केले, तर शासनालाही त्यामागे यावे लागेल.

आपल्याकडे पेरणीपूर्वी तिफणीची पूजा होते. ज्या बियाण्याची मूठ आपण श्रद्धेने भुईत सोडतो, ते आपले असावे, ही अपेक्षा भाबडी नाही. अन्न आणि वस्त्र यांची किल्ली परक्याच्या हाती असलेला समाज निवडणुकीपुरता स्वतंत्र असतो. मोन्सॅन्टोचे नाव तिच्या मालकाने पुसले. तिचा पाश तोडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.