कादंबरी ही साक्ष नव्हे

जत्रेच्या निमित्ताने देवस्थाने ज्या स्मरणिका काढतात आणि उत्सवात जी व्याख्याने होतात, त्यांतील इतिहासकथनात एक दोष फार बळावला आहे. देवालय कसे मोडले, मूर्ती रात्रीच्या अंधारात नदीपार कशी नेली, त्या वेळी पुजाऱ्याच्या मुखातून कोणते उद्गार निघाले, हे सारे प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे सांगितले जाते. आणि हे कोठून घेतले असे विचारले, तर एखाद्या कादंबरीचे नाव पुढे येते. कादंबरी वाचणे हा दोष नव्हे. कादंबरी पुरावा म्हणून हजर करणे हा दोष होय. आणि त्याने प्रतिपक्षाची नव्हे, आपल्याच पक्षाची हानी होते.

वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट लवकर कळते. भक्कम दावा बुडवायचा असेल, तर त्याला खोट्या साक्षीदाराची जोड द्यावी. प्रतिपक्षाचा वकील त्या एका साक्षीदाराला उलटतपासणीत फोडतो, आणि उरलेल्या खऱ्या साक्षीदारांकडेही न्यायाधीश संशयाने पाहू लागतो. गोव्यातील देवस्थानांचा दावा असाच भक्कम आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली बसले, १७७४ साली उठले, १७७८ साली पुन्हा बसले आणि १८१२ साली कायमचे बरखास्त झाले. ह्याला कल्पित संवादांचे ठिगळ कशास हवे?

शिवाय आपला सर्वांत बलवान पुरावा प्रतिपक्षाच्याच दप्तरात आहे. देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनी कोणत्या व त्यांचे उत्पन्न किती, ह्याची मोजदाद करणे पोर्तुगीज सरकारला भाग पडले. साष्टीच्या देवळांच्या जमिनींचा १५६७ चा फोराल ह्याच गरजेतून निघाला. १५९५ साली फ्रांसिश्कु पाइश ह्याने तिसवाडी, साष्टी व बारदेश येथील जमिनींचा तोंब सिद्ध केला, तो डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली संपादून छापला. ज्याने घेतले त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली यादी! कायद्याच्या भाषेत ह्याला कबुली म्हणतात, आणि कबुलीपुढे भाषण फिके पडते. परंतु किती देवस्थानांच्या वाचनालयांत हा ग्रंथ आढळेल?

खऱ्या वाचनाने गैरसोयीचे सत्यही पदरात पडते, आणि ते घेण्याची तयारी हवी. आपल्या मूर्ती जुवारी ओलांडून जेथे सुरक्षित राहिल्या, तो फोंड्याचा मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशहाचा होता. पोर्तुगिजांच्या हाती तो १७६३ साली गेला. ही गोष्ट व्यासपीठावर क्वचितच ऐकू येते, कारण ती व्याख्यात्याच्या सोप्या कथानकात बसत नाही. पण जी गोष्ट कथानकात बसत नाही तिच्यासकट सांगितला जातो, त्यासच इतिहास म्हणावे.

ह्यावर काही विद्वान म्हणतात की, सामान्य वाचकाला तोंब आणि फोराल पचत नाहीत. त्याला इतिहासाची गोडी कादंबरीनेच लागते. हे आम्हांस मान्य आहे. त्याही पलीकडे जाऊन आम्ही म्हणतो की, जेथे कारकुनाची लेखणी पोहोचली नाही तेथे जाण्याचा अधिकार कादंबरीकाराचाच आहे. फोरालात शेताच्या सीमा मिळतात. गाव सोडताना मागे वळून पाहणाऱ्या बाईचे मन त्यात मिळत नाही. श्री. महाबळेश्वर सैल ह्यांची कोंकणीतील 'युग सांवार' आणि मराठीतील 'तांडव' ह्या कादंबऱ्या त्या काळाच्या घराघरात शिरतात. त्या आपल्या दोन्ही भाषांच्या वाचकांनी अवश्य वाचाव्यात.

परंतु एकट्या वाचू नयेत. ह्या लेखाचा सारा आग्रह एवढाच आहे: प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीशेजारी एक साधनग्रंथ ठेवावा. 'तांडव'च्या शेजारी अ. का. प्रियोळकर ह्यांचा १९६१ चा इंग्रजी ग्रंथ 'द गोवा इन्क्विझिशन' ठेवावा. त्यात देलाँ ह्या फ्रेंच वैद्याचा वृत्तांत आहे. हा गृहस्थ दमणला पकडला गेला, गोव्याच्या कोठडीत राहिला आणि १६७६ साली त्याला शिक्षा सुनावली गेली. त्याचे पुस्तक १६८७ साली प्रसिद्ध झाले. तो ख्रिस्ती होता, हे आपल्या वाचकांनी विसरू नये. त्या न्यायासनाचा जाच केवळ हिंदूंना झाला असे नाही.

छत्रपतींवरील 'श्रीमान योगी' वाचणाऱ्याने पिसुर्लेकरांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' वाचावे, आणि नार्व्यास जाऊन श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयावरील १६६८ चा शिलालेख पाहावा. विश्वास पाटील ह्यांची 'पानिपत' वाचणाऱ्याने शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' हाती घ्यावे, आणि धीर असेल तर राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंडही, ज्यातील पत्रे लिहिणाऱ्यांना शेवट काय होणार हे ठाऊक नव्हते. ग्वाल्हेर-इंदूरकडील आमच्या वाचकांना विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' सुचवावासा वाटतो. द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघालेला हा वरसईचा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यात अडकला. राणीवर अनेक कादंबऱ्या झाल्या. पण भिक्षुकी करणाऱ्या साध्या ब्राह्मणाच्या डोळ्यांनी पाहिलेली झाशी ह्या एका पुस्तकात आहे.

साधनग्रंथ म्हणजे वेदवाक्य, असे मात्र कोणी समजू नये. गोडसे भटजींनी हकीकत लिहिली ती घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ती छापताना तिच्यात फेरफार केले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर आणली. सभासदाची बखर छत्रपतींच्या निधनानंतर जिंजीस लिहिली गेली. देलाँ स्वतः पीडित होता. ह्या साऱ्यांची उलटतपासणी केलीच पाहिजे. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. कादंबरीतील पात्राची करता येत नाही. ते कर्त्याने घातलेलेच शब्द बोलणार. दोहोंतील भेद हाच.

म्हणून देवस्थान समित्यांस आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे. वाचनालयासाठी एक ऐतिहासिक कादंबरी घ्याल, तर त्याच विषयावरील एक साधनग्रंथ त्याच वेळी घ्यावा. स्मरणिकेत इतिहास छापाल, तर कोणते विधान कागदाचे, कोणते परंपरेचे आणि कोणते कल्पनेचे, हे उघड सांगावे. परंपरेला परंपरा म्हटल्याने तिचा मान कमी होत नाही. आणि तिसरे, सर्वांत निकडीचे: देवस्थानाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या, सनदा, ठरावांची पुस्तके आणि १९३३ च्या मझानी कायद्याखालील महाजनांच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी नीट लावून त्यांची यादी करावी. मखरावर आणि रोषणाईवर खर्च करणाऱ्या समितीला एका कपाटाचा व एका जाणत्या लेखनिकाचा खर्च जड नाही. उद्याच्या कादंबरीकाराला आणि उद्याच्या न्यायालयाला, दोघांनाही, त्याच कपाटाकडे यावे लागणार आहे.