ठासणीचें पिस्तूल

पडद्यावरील घोडेस्वार धांवत्या घोड्यावरून बार उडवीत सुटतो आणि त्याचें पिस्तूल कांहीं केल्या रिकामें होत नाहीं, हें पाहून आमच्या घरांतील मुलांनीं परवां मला विचारलें, “आजोबा, हा गोळ्या भरतो तरी केव्हां?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर मला ठाऊक आहे तें पुस्तकांतून नव्हे. माझा भाचा अमेरिकेंत ओहायओ राज्यांत असतो. त्यास या जुन्या पिस्तुलांचा नाद आहे. त्याच्याकडे राहावयास गेलों असतां चांदमारीच्या मैदानावर मीं जें पाहिलें, तें अद्याप विसरलों नाहीं.

ज्या पिस्तुलाविषयीं मी लिहीत आहें त्यास काडतूस नसतें. सॅम्युअल कोल्ट यानें १८३६ सालीं अमेरिकेंत पेटंट घेतलेल्या या पिस्तुलांत एक फिरतें चक्र असून त्यास पांच किंवा सहा घरें असतात. प्रत्येक घरांत समोरून दारू व शिशाची गोळी ठासावयाची, आणि मागच्या बाजूस सच्छिद्र बोंडीवर तांब्याची टोपी बसवावयाची. घोडा टोपीवर आपटला कीं तिच्यांतील स्फोटक द्रव्य पेटतें व ठिणगी छिद्रांतून दारूस भिडते. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीचेंच हें भावंड म्हणाना! कोल्टचें १८५१ चें ‘नेव्ही’ पिस्तूल फार गाजलें. १८५७ च्या धामधुमींत हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांच्या कमरेस कोल्टचीं तशींच रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या बनावटीचीं पिस्तुलें होतीं. पुढें धातूचें काडतूस आलें आणि १८७० नंतर हीं सारीं मागें पडलीं. आज नाद असलेले लोक उडवितात त्या बहुधा इटलींत, ब्रेशियाजवळच्या गार्दोने गांवीं घडविलेल्या प्रतिकृति. अमेरिकेच्या १९६८ च्या मध्यवर्ती कायद्यानें यांस सामान्य बंदुकांच्या सदरांतून वगळलें आहे. तेथील राज्यांचे नियम मात्र निरनिराळे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं उडविण्याजोगें असें पिस्तूल परवान्यावांचून जवळ बाळगतां येत नाहीं, हें तरुण वाचकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें.

आतां भरण्याचा विधि. विधि हा शब्द मीं जाणून योजिला आहे. संध्येंत आचमनाआधीं अर्घ्य दिलें तर फार तर वडील रागावतील, येथें क्रम चुकला तर बोटें जातात. भाच्यानें प्रथम चक्र रिकामें असल्याची खात्री केली व घरांतील तेल पुसून काढलें, कारण तेलानें दारू भिजते. मग दारूगोळा न भरतां प्रत्येक बोंडीवर नुसती टोपी बसवून, नळी गवताजवळ धरून ती उडविली. गवताचें पातें हाललें म्हणजे छिद्र मोकळें आहे. घोडा अर्धा चढविला कीं चक्र हातानें फिरतें. तेव्हां भरणीस आरंभ.

दारू ती काळीच हवी : पाऊणशें भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. हल्लींच्या काडतुसांतील बिनधुराची दारू यांत चिमूटभर देखील घालूं नये. तिचा दाब या लोखंडास सोसत नाहीं व पिस्तूल हातांत फुटतें. चव्वेचाळीस कॅलिबरच्या त्या पिस्तुलास भाचा तीस ग्रेन घाली, म्हणजे आपल्या सोनाराच्या हिशेबानें दोन मासे. दारू बुधल्यांतून परस्पर घरांत ओतावयाची नाहीं. ती आधीं मापांत, बुधल्याचें तोंड बंद, मग मापांतून घरांत. आंत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर दोन मासेच पेटतील, हातांतला सबंध बुधला नव्हे. मेजवर रव्याची पुडी दिसली, तेव्हां मला वाटलें भाचेसुनेनें शिऱ्याचें साहित्य चुकून पाठविलें! पण दारू थोडी घातली तर तिच्यावर रवा भरतात. कारण दारू व गोळी यांच्यामध्यें पोकळी राहतां कामा नये.

त्यावर गोळी. नळीखालच्या दांड्यानें ती घरांत दाबतात. गोळी शुद्ध, मऊ शिशाची व घराच्या तोंडाहून केसभर मोठी असावी लागते. दाबतांना तिच्या कडेचें शिसें कातरलें जाऊन बारीक कडें वर सुटून येतें. हें कडें सर्व घरांवर अखंड आलें म्हणजे गोळीनें घर गच्च मिटलें, अशी खूण. वर चरबीचा लेप देतात. टोप्या अगदीं शेवटीं, नळी निशाणाकडे रोखूनच. आणि सहापैकीं पांचच घरें भरावयाचीं. घोडा रिकाम्या घरावर टेकलेला असावा. या साऱ्यास भाच्यास आठ मिनिटें लागलीं. सिनेमांतील वीर कमरेस दोन-दोन पिस्तुलें कां लावतो, तें मला तेथें कळलें.

त्या दिवशीं भाच्यानें नव्या दुकानांतून, स्वस्त म्हणून, निराळ्या गोळ्या आणल्या होत्या. त्याच्या पिस्तुलास इंचाच्या हजार भागांपैकीं ४५४ भागांची गोळी लागे. या ४५१ च्या होत्या. तीन हजारांश इंच म्हणजे कागदाच्या जाडीइतका फरक! गोळ्या सहज आंत गेल्या. शिशाचें कडें एकाही घरावर सुटलें नाहीं, हें मला खटकलें नाहीं, कारण खटकण्याइतकें ज्ञान मला नव्हतें. त्यास तें दिसलें, पण “मामा, लेप जाड लावतों म्हणजे झालें,” असें म्हणून त्यानें टोप्या बसविल्या.

दुसऱ्या बारास आवाज निराळाच आला, धूर दोन्ही अंगांस फांकला आणि पिस्तूल त्याच्या मुठींत पिरगळलें. समोरच्या घराबरोबर शेजारचें घरही पेटलें होतें. ती गोळी नळीच्या कडेनें निघून मातीच्या बांधांत गेली. भाचा एका हातानें नेम धरी व डावा पाठीशीं ठेवी, म्हणून निभावलें. तोच हात आधारासाठीं नळीखालीं असता तर काय झालें असतें, तें मीं माझ्या बहिणीस आजवर सांगितलेलें नाहीं.

मैदानावरील जुन्या मंडळींत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, सैल गोळीच्या बाजूनें समोरून ज्वाला शिरली. दुसरा म्हणे, टोपी सैल होती, आग मागून आली. खरोखर एक टोपी त्यानें चिमटीनें दाबून कशीबशी बसविली होती. माझ्या अल्प मतीप्रमाणें या वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहतां दोन्ही दारें लावावींत : गोळी कडें सुटेल इतकी मोठी, टोपी बोंडीवर स्वतःच घट्ट बसेल अशी. नुसत्या लेपावर विसंबूं नये. पहिल्या बाराच्या उष्णतेनेंच तो पातळ होतो. आणि कोणताही हात चक्राच्या पुढें नेऊं नये.

टोपी फुटली पण बार झाला नाहीं, तर नळी निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावें; दारू कधीं कधीं उशिरां पेटते. डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे हवेतच, कारण टोपीचे तुकडे उडतात.

उरलेल्या गोळ्या भाच्यानें त्याच संध्याकाळीं वितळविण्यासाठीं बाजूस काढल्या. पण त्याआधीं पिस्तूल धुणें प्राप्त होतें, कारण काळ्या दारूची काजळी हवेंतील ओल शोषते व रातोरात गंज धरते. कढत साबणाचें पाणी, मग कोरडें फडकें, मग तेल. गंधकाचा तो वास असा कीं सडक्या अंड्यांची आठवण व्हावी. भाचेसुनेनें त्यास स्वयंपाकघरांतून बाहेर घातलें असून पाण्यासाठीं वेगळी किटली दिली आहे. चहाच्या किटलीशीं घोटाळा नको म्हणून तिच्यावर तांबड्या रंगाची फुली आहे.