मुठीतली वाळू

उमेदवारी म्हटले की हल्ली निवडणूक आठवते. एकेकाळी मात्र कुणाच्या तरी हाताखाली राहून काम शिकणे, असाच या शब्दाचा रोजचा अर्थ होता. कायद्याने तो जपला आहे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्याला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५ ते ९ हजार रुपये ठरवले. त्यातला पाव हिस्सा, १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. आयटीआयचा फौंड्रीमन हा ओतकामाचा कोर्स एक वर्षाचा. कागदोपत्री सगळे चोख.

कोल्हापुरात ओतकाम शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जोडीने वाढले आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींत पसरले. तिथल्या फौंड्रीत नव्या पोराच्या हाती आधी फावडे येते. फावड्याखालची, साच्यासाठीची काळी वाळू दिसते तेवढी साधी नसते. सिलिका वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि शेकडा तीन-चार भाग पाणी असते. पाणी जास्त झाले की चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस पडताच वाफ होते आणि जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लो होल (पोकळ भोके) राहतात. कमी पडले की साच्याच्या कडा ढासळतात.

हे मोजायला प्रयोगशाळा असते, पण मुरलेला मोल्डर मूठ वळतो. मूठ उघडली की गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट हवेत आणि तळहाताला वाळू चिकटता कामा नये. मग तो गोळा मधोमध मोडतो. कडा धारदार निघाल्या तर वाळू ठीक. आदल्या ओतणीची गरम वाळू परत आली असेल तर मूठही फसवते. ती बघता बघता सुकते, हे ओळखायला वर्षे जातात. मोल्डर यातले फारसे काही बोलून दाखवत नाही. तो फक्त मान हलवतो, आणि शिकाऊने त्यावरून काय ते समजून घ्यायचे.

या शिक्षणातली खरी मेख वेगळीच आहे. बरेच दोष ओतताना दिसत नाहीत. जॉब फेटलिंगमधून, म्हणजे साफसफाईतून, जातो, मशीन शॉपमध्ये टूल लागते आणि मग आतले भोक उघडे पडते. तोवर आठवडा उलटलेला असतो, रिजेक्शनचा आकडा मॅनेजरच्या रजिस्टरमध्ये असतो आणि ती वाळू मळणारा पोरगा पुढची वाळू तशीच मळत असतो. आपली चूक डोळ्यांनी पाहायला मिळाली नाही, तर वर्षभरात सर्टिफिकेट मिळते, हात मात्र हेल्परचाच राहतो. नासलेला जॉब मधून कापून शिकाऊपुढे ठेवायला दहा मिनिटेही लागत नाहीत. तेवढा वेळ मात्र कोणाकडे नसतो.

पुढच्या वाटा बऱ्या आहेत. भट्टी सांभाळणारा, पॅटर्न मेकर, स्पेक्ट्रोमीटरवर रसाची तपासणी करणारा, सुपरवायझर. आणि थोडे भांडवल जमले तर स्वतःची छोटी जॉबिंग फौंड्री. ओतकाम-फोर्जिंगसाठी उभी राहिलेली रांचीची राष्ट्रीय संस्था १९६६ पासून या धंद्यासाठी तंत्रज्ञ घडवते आहे. तरी आयटीआयचा मुलगा सीएनसीकडे वळतो, कारण तिथे धूळ नसते आणि शर्टही पांढरा राहतो. फौंड्रीतच राहिलेल्याच्या लग्नाच्या बायोडेटात बहुधा ‘इंजिनिअरिंग कंपनीत’ एवढेच लिहिलेले असते.