गंजलेली पद्मिनी आणि जाणते हात
कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली एखादी प्रीमियर पद्मिनी उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापुरात आपल्याही दारी गंजत उभी असेल. मोडीत निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीचे दार, मडगार्ड, कार्ब्युरेटर आणून ती पुन्हा उभी करावी, असे घरातील ज्येष्ठांना वाटत असेल, तर ‘या वयात कशाला?’ म्हणून त्यांचा हिरमोड करू नये. आयुध निर्माणीत वा कारखान्यात आयुष्य वेचलेल्या हातांतील कसब, स्मृती मंदावू लागली तरी बहुधा दीर्घकाळ टिकते.

पथ्ये मात्र पाळावीत. धनुर्वात गंजामुळे नव्हे, तर जखमेत शिरणाऱ्या, बहुधा मातीतल्या जंतूंमुळे होतो. गेल्या १० वर्षांत लस घेतली आहे ना, हे पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास जाड हातमोजे हवेतच. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून पॉलिश पेपर ओला करून घासावे, मास्क लावावा, नातवंडांना दूर ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. वेल्डिंग आणि जड ओझी कारागिरावर सोपवावीत.

गाडी रस्त्यावर धावेलच असे नाही. तरी उद्या कोणता नट सोडवायचा, हा विचार घेऊन झोपणाऱ्या माणसाला सकाळी उठण्याचे कारण असते. एखाद्या दुपारी पाना हाती देण्यासाठी आपणही शेजारी बसावे.